अजून एक ऋतू

९ जानेवारी २०२५, गुरुवार

आज कॉलेजातून निघालो तो गाडी वडाळे तळ्याच्या कडेकडेनं आपसूक सरांच्या गल्लीत वळली. खाली स्टँडला लावली, वर खिडकीत दिवा पाहिला, आणि मग आठवलं की सर रविवारी गेले. वर न जाता तसाच परत फिरलो. नऊ वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी मी त्या जिन्यानं वर जातोय. पायांना बातमी पोचायला वेळ लागणारच.

ही डायरी माझ्या बायकोच्या, दिपिकाच्या, बँकेतली. दरवर्षी येते आणि दरवर्षी माळ्यावर जाते. यंदा मी मागून घेतली. आठवडाभराचं सगळं गुरुवारी कोणाला तरी सांगायची सवय लागलीय, ते आता सांगू कोणाला? बायकोला सांगता येईल, पण ती ऐकते आणि लगेच उपाय सुचवते. परचुरे सर उपाय सुचवत नसत, अजून एक प्रश्न विचारत.

सरांना मूलबाळ नाही. नाशिकहून पुतण्या येईपर्यंत आम्ही थांबलो. स्मशानात भटजींनी विचारलं, "आपण कोण?" म्हटलं, विद्यार्थी. "मग जरा मागे उभे राहा." राहिलो. गेली दोन वर्षं डायलिसिसला नेता-आणताना ज्यांना धरून जिना उतरवला, त्यांना शेवटचा खांदा द्यायची वेळ आली तेव्हा पुतण्याच्या मित्राचा नंबर माझ्या आधी लागला. भांडावंसं वाटलं. पण स्मशानात नंबरावरून भांडणारा माणूस कसा दिसेल, म्हणून गप्प बसलो.

आमचं शेवटचं बोलणं शुक्रवारी झालं. मशीनला लावलेले होते, डोळे मिटलेले. म्हणाले, "प्रणित, चौथं प्रकरण परत बघू." लोकांना आशीर्वाद मिळतात, मला माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण मिळालं. मला तेवढं पुरे आहे.

१८ जानेवारी

शोकसभा झाली. हॉल भरला होता. एक निवृत्त प्राचार्य उठले आणि म्हणाले, "सर मला म्हणाले होते, तुझ्यासारखा विद्यार्थी पुन्हा मिळाला नाही." मग मंत्रालयातले एक साहेब उठले, त्यांनाही सर हेच म्हणाले होते. पुण्याहून आलेल्या बाईंनी तेच सांगितलं तेव्हा हॉलमध्ये खसखस पिकली. सरांच्या पत्नी, आम्हा सगळ्यांच्या काकू, त्याही हसल्या, पदर तोंडाला लावून.

मी हसलो नाही. मलाही म्हणाले होते, कर्नाळ्याच्या पायथ्याशी, चहाच्या टपरीवर. ते फक्त मलाच म्हणाले असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. बोलायला माझं नाव पुकारलं, पण उठलो नाही. उठून सांगणार काय, मीही त्याच रांगेत?

शेवटच्या ओळीत रंजिता कडू बसल्या होत्या. आता विद्यापीठात आहेत, मोठ्या झाल्यात. सरांकडे पीएचडी करत होत्या, मध्येच सोडून दुसऱ्या गाईडकडे गेल्या आणि दोन वर्षांत डिग्री घेऊन बसल्या. सरांनी त्यानंतर त्यांचं नाव कधी काढलं नाही. आज त्यांच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. मला दिसलं, कारण मी त्यांच्याकडेच बघत होतो.

२१ जानेवारी

विद्यापीठात जाऊन आलो. खिडकीतला माणूस म्हणाला, "गाईड वारले? मग दुसरे घ्या." बल्ब गेला, दुसरा लावा, अशा सुरात. वाईट माणूस नव्हता. त्यानं माझी फाईल काढली आणि त्याचाच चेहरा पडला. मुदतवाढी संपल्यात. एकतीस मार्चला नोंदणी रद्द. "आणि एकतीस तरी कसली," तो म्हणाला, "एकोणतीसला शनिवार, तीसला पाडवा, एकतीसला ईद. तुम्ही अठ्ठावीसच धरून चाला. प्रबंध तोवर जमा, तोंडी सादरीकरण त्याच्या आधी." माझ्या विषयात जागा असलेल्या गाईड एकच निघाल्या. डॉ. रंजिता कडू. देवाला माणसाची चेष्टा करायची हुक्की येते ती अशी.

विषय इथे लिहून ठेवतो, म्हणजे डोकं थाऱ्यावर येईल. खाडीकाठच्या आमच्या गावांनी समुद्राचं पाणी अडवायला मातीचे बांध घातले आणि पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. भरतीच्या जोरानं बांध फुटला की त्याला खांड पडली म्हणतात. हाळी आली की घरटी एक माणूस माती घेऊन धावायचा. कोण आधी धावायचं, कोण घरात बसायचं, बसणाऱ्याचं पुढे गाव काय करायचं, हा माझा प्रबंध. बांध आता बहुतेक भरावाखाली गेलेत. माणसं तेवढी उरलीत.

सरांचा नियम होता की प्रत्येकाला तोच प्रश्न तीन ऋतूंत तीनदा विचारायचा. "पावसात माणूस भ्यालेला असतो," ते म्हणायचे, "थंडीत फुशारलेला. खरं बोलतो ते उन्हाळ्यात. घामाच्या धारा लागल्या की खोटं रचायचा कंटाळा येतो." आणि उन्हाळा धरायचा तो होळीनंतर, त्याआधी नाही. ऊन कितीही असो.

अशी पद्धत आता कोणाकडे राहिलीय? माझं काम संपत आलं की दरवेळी सरांना कोणीतरी नवं माणूस आठवायचं. "अरे, त्याची एक विधवा बहीण आहे म्हणतात. तिला विचारलंस?" की तिचे तीन ऋतू सुरू. मी वैतागायचो, पण बारकावा म्हणतात तो हाच. आता एकच जण उरलीय, शेवळखारची गुणाबाई. तिचा पाऊस झाला, थंडी झाली. उन्हाळा राहिलाय.

३० जानेवारी, गुरुवार

आज वर गेलो. काकूंची औषधं आणून दिली, बाथरूमचा नळ बघितला. सरांच्या खुर्चीवर मी बसत नाही, काकूही बसत नाहीत. दोघं समोरच्या दिवाणावर एका ओळीत बसलो, दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखे.

रंजिता मॅडमचं सांगितलं. वाटलं, काकू चिडतील. त्या चहा गाळत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे मार्चमध्ये संपणार तुझं?"

"हो काकू. नाही संपलं तर सगळंच संपलं."

कप भरला तरी त्या ओततच राहिल्या, बशी भरली. मग फडकं घेऊन पुसत म्हणाल्या, "ह्यांना घाई आवडायची नाही, तुला ठाऊक आहे."

ठाऊक आहे. सरांचं मन आता काकूंनाच काय ते कळतं. निघताना जिन्यात गलबलून आलं.

८ फेब्रुवारी

मॅडमनी आठवड्याभरात सगळा प्रबंध वाचून काढला. मला खोड काढायची होती, पण त्यांनी पान न बघता माझीच वाक्यं मला ऐकवली. मग चष्मा काढून म्हणाल्या, "हे २०१९ साली तयार होतं."

मी म्हटलं, त्यानंतर बरीच माणसं वाढली.

"माणसं वाढली. म्हणणं तेच आहे. प्रणित, हे उत्तम काम आहे. उद्या बांधायला टाका."

गुणाबाईचा उन्हाळा राहिलाय म्हणून सांगितलं. होळीनंतर जाईन, आठवड्यात पान लिहून देईन.

"होळी तेराला. एका बाईसाठी नोंदणी घालवणार?"

"सरांचा नियम आहे."

"माहीत आहे मला तो नियम." त्यांनी चष्मा परत लावला. "बरं. जा. पण बाकीचं सगळं तयार ठेवा, सादरीकरण ह्याच महिन्यात उरकू. तिचं पान शेवटी घालू."

मला त्यांनी नाही म्हणायला हवं होतं. भांडायची एवढी तयारी करून गेलो होतो आणि समोरची बाई निघाली समजूतदार. सबंध रस्ता त्याचाच राग येत राहिला.

१२ फेब्रुवारी

कॉलेजात समाजशास्त्राच्या कायम जागेची जाहिरात आली. प्रबंध सादर केलेला हवा. मी तिथे तासिका तत्त्वावर शिकवतो, म्हणजे तास असला की मी आहे, सुट्टी लागली की मी नाही. पुढच्या वर्षी चाळिशी लागेल.

दिपिकानं जाहिरातीचं कात्रण फ्रिजवर चिकटवलंय. २०१९ लाही अशी जागा निघाली होती. सर म्हणाले, "अजून एक ऋतू जाऊ दे. जागा काय, येतात जातात." मधल्या काळात एकही आली नाही, पण सरकारचं धोरण सरांना कसं कळणार? तेव्हा दिपिका मूल हवं म्हणत होती. नोकरी पक्की झाली की बघू, असं ठरलं होतं. आता ती तो विषय काढत नाही. समजूतदार आहे.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्रीची सुट्टी. सादरीकरण परवा पार पडलं, बरं झालं असं सगळे म्हणाले. मला दिवसभर सरांची आठवण येत राहिली.

एम.ए.च्या पहिल्या महिन्यात मी वर्गात उठून म्हणालो, "आमच्याकडे पानी आलं की..." आणि पोरं फिसकन हसली. सर त्यांना काही बोलले नाहीत. मला म्हणाले, "रविवारी तुझ्या गावाला ने मला." मला वाटलं, मन राखायला म्हणतायत. रविवारी खरंच आले. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि बांधावरून माझ्या बापाच्या मागून चालत राहिले, तो दाखवील ते बघत, तो थांबेल तिथे थांबत. बाबा वाकून खेकड्याचं बीळ दाखवायचे तर सरही वाकायचे. दुपारी आईनं भाकरी आणि सुकट वाढली. माणूस जन्माचा शाकाहारी. निमूट जेवले, वर आईला म्हणाले, छान झालंय. दोन दिवस पोट धरून होते, ते मला नंतर काकूंकडून कळलं.

बाबा मरेपर्यंत येईल-जाईल त्याला सांगायचे, "युनवर्सिटीचा मास्तर माज्या मागून चालला." आणि मला त्या दिवसापासून आमच्या घराची लाज वाटायची बंद झाली. माणसाला माणसाकडून याहून मोठं काय मिळतं मला माहीत नाही. माझं सरांवर फार प्रेम होतं. हे मी त्यांना कधी म्हणालो नाही, आपल्यात म्हणायची पद्धत नाही. अशा माणसासाठी एक होळी थांबता येत नसेल तर मी कसला विद्यार्थी?

१४ मार्च

काल गावाला होळी केली. आमच्याकडे दिवाळी एक वेळ चुकेल, होळी चुकत नाही. हरेशदादानं यंदा होळीत उभं करायला सावरीचं झाड आणलं ते विजेच्या तारेला टेकेल एवढं. दादाचे डंपर आहेत, भरावाची माती टाकतात. मी ज्या बांधांवर लिहितो ते त्याच्याच मातीखाली गेलेत. एकाच बांधावर आम्ही दोघं भाऊ जगतो, तो वरून आणि मी खालून.

प्रसाद खाताना मला म्हणाला, "तुजा मास्तर व्हता तवर तू पीएचडी करत व्हतास का डायवरकी, मना कवाच समजला नाय."

मी उठून गेलो. सख्ख्या भावानं होळीच्या दिवशी हे बोलावं? जरा वेळानं तोच पुरणपोळी घेऊन मागे आला. "गुणाआत्या शेवळखारची नाय आता. गाव उठला तवा नव्या वसाहतीत गेलती ता तुला ठावं, पन थंडीनंतर पोरीकडं गेली, द्रोणागिरीला. येऊ काय मी गाडी घेऊन?"

म्हटलं, नको. डायवर मीच आहे.

१६ मार्च

द्रोणागिरीला जाऊन आलो. गुणाबाईची मुलगी भामा म्हणाली, आयची साखर वाढली, दवाखान्यात ठेवलंय, बुधवारी सोडतील बहुतेक. कंटेनरच्या गाड्यांच्या रांगेत गाडी लावून कितीतरी वेळ नुसता उभा होतो. तिला काही झालं तर?

आणि मग माझीच मला लाज वाटली. मला तिच्या साखरेची काळजी नव्हती, तिच्या उन्हाळ्याची होती.

२० मार्च, गुरुवार

भेटली. पंख्याखाली खाटेवर आडवी होती, हातावर सुईचे काळेनिळे डाग. मला ओळखलं. म्हणाली, "मास्तर नाय आला?"

सांगितलं, सर वारले.

तिनं पडल्या पडल्याच हात जोडले. "भला मानूस. यायचा तं उठायचा नाय."

मी म्हटलं, सर कधी आले आत्ये, दोनदा मीच आलो होतो ना.

"तू दोनदा. तो तं दोन सालामागं एकटाच यायचा, एस्टीनं. मशीन लागला नवता तवा. पिशवीत खारी घेऊन यायचा. मी बोलायची, मास्तर, काय इचारायचाय ता इचारा. तं बोलायचा, काय नाय गुणाबाय, बसतो जरा."

मला हे माहीत नव्हतं. तिचं नाव सरांनी मला गेल्या पावसाळ्यात दिलं, नुकतंच कळल्यासारखं. मी वहीत लिहून घेत होतो, तेव्हा ती पुढे सांगायला लागली.

"एकदा मीच बोलली त्याला. बोलली, बाबा, तुमचा इचारून झाला, आमचा सांगून झाला, आता त्या पोऱ्याला सोडा. त्याला मोठी नोकरी लागूंदे. तं हसला. बोलला, गुणाबाय, तो सुटला तं आमच्या घराची बेल कोन वाजवील?"

भामा सरबत घेऊन आली. मी प्यालो. मग ज्या प्रश्नासाठी गेलो होतो तो विचारला, मोठी खांड पडली तेव्हा तुमच्या घरातून कोण धावलं? पावसात म्हणाली होती सासरा, थंडीत म्हणाली होती मी स्वतः. आज तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "ता आता नाय आठवत मना."

तिच्या कपाळावर घाम होता. सगळं जसंच्या तसं लिहून घेतलं, वर तारीख, खाली ठिकाण. ऋतू उन्हाळा.

२१ मार्च

आज कॉलेजात एकही तास घेतला नाही.

सर मला मुद्दाम अडकवून ठेवत होते. हे वाक्य लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. म्हातारी आजारी आहे, काहीतरी बरळली असेल. पण खारी बरळत नाही कोणी. सरांच्या पिशवीत खारी असायचीच.

दिपिकाला सांगितलं. ती कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुला आज कळलं?"

पुढे काही विचारायचं धाडस झालं नाही. तिला कधीपासून माहीत होतं, आणि माहीत असून ती गप्प का बसली, हे विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. मला राग यायला हवा ना? येत नाही. डोळ्यासमोर ते बांधावरून चालणारे सर येतात, गुडघ्यापर्यंत पायजमा दुमडलेले, आणि नुसतं रडू येतं. ज्याच्याशी भांडायचं तो माणूसच गेला. आता ह्याचं मी काय करू?

२४ मार्च

मॅडमकडे गेलो. गुणाबाई काय म्हणाली ते सगळं सांगितलं. त्यांनाही चांगलंच ऐकवलं असं कुठेतरी वाटत होतं, म्हणजे तुम्ही सोडून गेलात म्हणून सर असे झाले. त्या ऐकत राहिल्या आणि मग टेबलावर डोकं टेकून रडल्या. शोकसभेत न रडलेली बाई. मला पाण्याची बाटलीसुद्धा उघडून देता येईना.

"डिग्री मिळाली तेव्हा पेढे घेऊन गेले होते," त्या म्हणाल्या. "सरांनी दार उघडलं, पेढा घेतला आणि आत गेले ते आलेच नाहीत. मला वाटलं रागावलेत. थोडा वेळ जिन्यात थांबले आणि निघाले. परत एकदा बेल वाजवायला हवी होती हो मी."

इतकी वर्षं ह्या बाईला मनातल्या मनात गद्दार म्हणत आलो.

मग त्यांनी डोळे पुसले आणि कामाला लागल्या. गुणाबाईच्या पानावर काय घालू, विचारलं. "नाही आठवत म्हणाली, तेच घाला. तेही उत्तरच आहे." आणि सही केली. एवढी साधी असते सही. एका ओळीत मावते.

२८ मार्च

प्रबंध सादर झाला. हरेशदादानं प्रती गाडीतून आणल्या. "आज डायवर मी," म्हणाला. दिपिका अर्धी रजा टाकून आली होती. खिडकीतल्या माणसानं शिक्का मारला, पोच दिली आणि हसला, मलाच सुटल्यासारखं वाटतंय म्हणाला.

बाहेर पायऱ्यांवर आलो आणि खिशातून फोन काढला, सरांना कळवायला. नाव सापडलं, बोट तिथेच राहिलं. दिपिकानं फोन हळूच काढून घेतला. मग आम्ही तिघांनी उसाचा रस प्यायला. दादा दोन ग्लास प्याला. मला खूप हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं ते इतकंच की आता उद्यापासून करायचं काय.

३ एप्रिल, गुरुवार

जायचं नाही असं सकाळी पक्कं ठरवलं होतं. संध्याकाळी पेढे घेऊन गेलो.

काकूंनी दार उघडलं आणि बघतच राहिल्या. "तू येशील असं वाटलं नाही." दर गुरुवारी ह्या वेळी पोह्यांचा वास असतो घरात. आज नव्हता. साहजिक आहे, काम संपलं, पोहे संपले. दिवाणावर बसलो. ह्या घरात मी प्रबंधाखेरीज कधी काही बोललोच नाही. काकूंचं माहेर कुठलं, तेसुद्धा मला माहीत नाही.

शेवटी गुणाबाईचं सांगितलं. वाटलं, त्यांना बरं वाटेल, आपला माणूस आतून कसा होता ते कळेल. बेल कोण वाजवील म्हणाले होते, हेही सांगितलं. काकूंच्या हातात अर्धा पेढा होता.

"ह्यांना दोष देऊ नकोस," त्या म्हणाल्या. "ह्यांनी दोनदा तुझे कागद सहीला काढले होते. कोविडच्या आधी एकदा, आणि मग मशीन लागायच्या वेळी. मीच म्हटलं, राहू द्या. पोर येतंय तर येऊ दे. ते चिडले माझ्यावर. म्हणाले, त्याच्या आयुष्याचं काय? मी म्हटलं, आणि माझ्या? दुसऱ्या वेळी तर मी पाया पडले त्यांच्या. तू गेलास तर ह्यांना दवाखान्यात नेणार कोण होतं? रात्री-अपरात्री मी कोणाला हाक मारणार होते?" मग म्हणाल्या, "तुझ्या तोंडावर नाही म्हणायला त्यांना जमायचं नाही. मग कोणीतरी माणूस शोधून काढायचे तुझ्यासाठी."

राग आला. सरांवर आला नव्हता तो सगळा एकदम आला. ती २०१९ ची जागा, फ्रिजवरचं कात्रण, दिपिकानं विचारायचं सोडून दिलेली गोष्ट. मला म्हणायचं होतं, काकू, मला सांगितलं असतं तर मी डिग्री घेऊनसुद्धा आलो असतो, रोज आलो असतो. पण रंजिता मॅडम आल्या होत्या का? ते साहेब, ते प्राचार्य, कोणी आलं होतं का? मी तरी आलो असतो, हे मी कशाच्या बळावर सांगू? समोर पंचाहत्तरीची बाई बसलेली, हातातला अर्धा पेढा खावा की खाली ठेवावा हे तिला कळत नव्हतं. हिच्यावर ओरडायचं कसं, हे मला कोणी शिकवलेलं नाही.

उठलो. चपला घातल्या. काकू दारापर्यंत आल्या आणि चौकट धरून म्हणाल्या, "जाता जाता सिलिंडर बघतोस का? सकाळी बदलायला घेतला, रेग्युलेटर बसत नाहीये मला. सकाळपासून चहासुद्धा नाही झाला."

चपला काढून स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर चाळणीत पोहे भिजवून ठेवलेले होते, वर ताटली झाकलेली. शेजारी कांदा चिरलेला, मिरच्या, कोथिंबीर. दोघांपुरतं. दुपारीच चिरलं असावं, कांदा सुकून गेला होता.

वाकून रेग्युलेटर बसवला. एकदा बसेना, दुसऱ्यांदा बसला. शेगडी पेटवून दिली. काकूंनी कढई चढवली. मी मोरीवर हात धूत होतो तेव्हा त्यांनी पाठमोऱ्याच विचारलं, "पुढच्या गुरुवारी?"

हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो.